मिरांडावरचा पाझर तलाव

"आण्णा, ब्रेक शोधू नका. याला ब्रेक नसतात."

"मग थांबायचं कसं?"

"उलट्या दिशेला जोर लावायचा," मागं उभी राहून पोरगी म्हणाली.

"हे काय बोलणं झालं? एसटीला ब्रेक आहेत, सायकलला आहेत, आणि युरेनसपर्यंत जाणाऱ्या यानाला नाहीत?"

एवढं बोलून होईपर्यंत माझं यान जमिनीला टेकलं. टेकलं म्हणजे आदळलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल अक्षरं आली आणि आतून आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे मंदानं, विचारलं, "पोचलात का हो?"

"पोचलो," मी म्हणालो, "पण तुकड्या-तुकड्यांनी."

ही गोष्ट आता नऊ-दहा वर्षांपूर्वीची. मी नुकताच भूमी अभिलेखातून रिटायर होऊन साताऱ्यात घरी बसलो होतो. चौतीस वर्षं मोजणीदार होतो मी. दोन भावांच्या भांडणात मधोमध उभं राहायचं, दोघांच्याही शिव्या खायच्या आणि बांध नक्की कुठं आहे ते सांगायचं, हे माझं काम. जी जमीन माझ्या पायाखालून गेली नाही तिची एक रेघ मी नकाशावर काढली नाही. यावरून माझ्या तीन बदल्या झाल्या. हे मी घरात इतक्या वेळा सांगितलं होतं, की मी 'तीन' म्हणायच्या आत मंदा कुकर लावायला उठायची.

आता या सर्जेराव भोईट्यानं म्हातारपणी अंतराळात उड्या का मारायच्या? तर पोरीसाठी. आमची वैजयंता, वैजू, भूशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि दीड वर्ष घरी होती. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून अंतराळयान चालवायचा एक सिम्युलेटर बनवला होता. कॉम्प्युटरवर यान उडवायचं आणि पाहिजे त्या ग्रहावर न्यायचं, असा तो प्रकार. प्रत्येकानं एकेक ग्रह नाहीतर चंद्र वाटून घेतलेला. चांगले चंद्र आधीच गेले होते. वैजूच्या वाट्याला युरेनसचा मिरांडा आला, कारण तो कुणालाच नको होता. तिनं त्याची जमीन, खड्डे, डोंगर, सगळं सात-आठ महिने खपून तयार केलं. ते पुण्याच्या एका कंपनीनं पाहिलं. ही कंपनी तारांगणांसाठी असले देखावे बनवायची. जागा एकच होती आणि शुक्रवारी अकरा वाजता व्हिडिओवर मुलाखत होती.

आणि ही नोकरी नाही लागली, तर दसऱ्याला बारामतीच्या स्थळाला होकार कळवायचा, असं घरात ठरलं होतं. स्थळ वाईट नव्हतं. पण त्या लोकांनी 'पुढं नोकरीबिकरी करणार नाही ना?' असं दोनदा विचारलं होतं. वैजूनं दोन्ही वेळा पायाच्या अंगठ्याकडे बघितलं होतं. ठरवणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल करतो.

तर मुलाखतीआधी तिला असा माणूस पाहिजे होता, ज्याला यातलं काहीही कळत नाही. म्हणाली, "आण्णा, तुम्हाला उतरता आलं तर कुणालाही येईल." हे ऐकून मला आनंद झाला नाही, पण मी खुर्चीवर बसलो.

मंगळवारी सकाळी सातव्या प्रयत्नाला मी धड उतरलो. मग तिनं मला यानातून बाहेर काढून एका कड्यावर उभं केलं. मिरांडा हा चंद्र केवढा, तर आपल्या महाराष्ट्रातही मावेल एवढा. आणि त्याच्यावरचा हा कडा म्हणे वीस किलोमीटर उंच.

"मारा उडी," वैजू म्हणाली.

"वेड लागलंय का?"

"तिथं ओढ फार कमी आहे आण्णा. मारा तर खरं."

मारली. एक मिनिट गेलं, दोन गेली, मी आपला पडतोय. मंदानं चहा आणला, तो प्यायलो. पडतोय. शेजारचे देशमाने गॅसचं पुस्तक मागायला आले, त्यांना पुस्तक दिलं, चौकशी केली, परत येऊन बसलो. अजून पडतच होतो.

"किती वेळ गं हे?"

"बारा मिनिटं. पण शेवटी दोनशेच्या वेगानं आदळणार हां तुम्ही."

"पडून झालं की आंघोळीला जा," मंदा म्हणाली, "पाणी निवतंय."

मला मात्र गोडी लागली. बुधवारी वैजू फोटो काढायला बाजारात गेली, तसा मी यानात बसलो. जमीन दिसली की तिच्या हद्दी शोधायच्या ही आमची खोड. दक्षिणेचा भाग बघून झाला होता, म्हणून उत्तरेला निघालो. बरोबर वही घेतली होती, वहीत खुणा करत होतो. डोंगर, घळ, सपाटी, पुन्हा डोंगर. आणि एका डोंगरावरून पलीकडे गेलो तर समोर आणखी एक डोंगर. हा डोंगर मी बघितला होता.

आता सांगा, मी पुण्याच्या पलीकडे फारसा गेलेला माणूस नाही. युरेनस तर लांबच राहिला. पण त्या डोंगराच्या डोक्यावर मधोमध खाच होती, खाचेच्या खाली दोन सोंडा उतरत होत्या आणि सोंडांच्या बेचक्यात एक लांबट सपाटी होती. सपाटीची एक कड अगदी सरळ. निसर्गाला सरळ रेघ काढता येत नाही. सरळ रेघ फक्त माणूस काढतो, आणि तोही भांडण झाल्यावर.

ओळखीचं वाटत होतं, पण नीट बसत नव्हतं. कुणाचा तरी चेहरा आठवतो आणि नाव आठवत नाही, तसं झालं. मग काय डोक्यात आलं कोण जाणे, उठलो, मोरीतला दाढीचा आरसा आणला आणि पडद्यासमोर धरला.

धामणवस्ती! माण तालुका! एकोणनव्वद सालचं भूसंपादन!

रोजगार हमीतून तिथं पाझर तलाव बांधला होता. त्याखाली गेलेल्या जमिनीची मोजणी मी केली होती. अकरा दिवस, वैशाखात, डोक्याला ओला पंचा बांधून. ती सरळ कड म्हणजे तलावाची भिंत. आणि वैजूनं तो अख्खा मुलूख डावा-उजवा उलटवून, मोठा करून, चंद्रावर टाकला होता. इतका मोठा, की त्या एका तलावात सातारा शहर बुडालं असतं. एवढं पाणी तर धामणवस्तीला निवडणुकीतही कुणी कबूल केलं नव्हतं.

मी तसाच आरसा धरून उभा होतो तेव्हा वैजू परत आली.

"आण्णा, दाढी करताय का?"

"मिरांडावर पाझर तलाव कोणत्या योजनेतून मंजूर झाला?" मी विचारलं.

पोरगी पांढरी पडली. पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीवर बसली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कसं कळलं? अगं, त्या भिंतीच्या टोकाला बाभळीखाली मी अकरा दिवस भाकरी खाल्ली! तू मला विचारतेस कसं कळलं?"

मग तिनं सांगितलं. मिरांडाजवळून आजवर एकच यान गेलंय, शहाऐंशी साली, आणि तेही धावतपळत. तेव्हा दक्षिणेच्या बाजूला उजेड होता म्हणून तिकडचे फोटो आले. उत्तर सगळी अंधारात. त्या बाजूला काय आहे हे पृथ्वीवरच्या एकाही माणसाला माहीत नाही.

"मग कोरी सोडायची!"

"कोरी सोडली तर उतरणाऱ्याला काय दिसेल आण्णा? करडा चेंडू. सगळेच भरतात. बाकीचे लोक कॉम्प्युटरला सांगून वाटेल ते खड्डे पाडतात. मी निदान उपग्रहाच्या नकाशातली खरी जमीन टाकली. माणचे डोंगर किती छान दिसतात तिथं, तुम्हीच बघितलंत ना?"

"खरी जमीन, पण खोट्या जागी! न मोजलेल्या जमिनीचा नकाशा काढलास तू. भोईट्याच्या पोरीनं!"

"कुणाचा बांध सरकणार आहे? कोण कोर्टात जाणार आहे?"

उत्तर नसलं की मी आवाज चढवतो. तिन्ही बदल्यांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, मंदा कुकर न लावता दारात येऊन उभी राहिली. वैजू ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "आण्णा, परवा मुलाखत आहे. आता ते काढून दुसरं घालायला मला महिना लागेल. मी त्यांना फक्त दक्षिण दाखवणार आहे, तो कडा. उत्तरेचा विषयच काढणार नाही. तुम्ही मला पाहिजे तेवढं बोला, पण दसऱ्यानंतर बोला."

दसऱ्याचं नाव निघाल्यावर मी वही मिटली. पण तोंड फुगवून बसलो. गुरुवारभर आम्ही बापलेक एकमेकांशी बोललो नाही. मीठ पाहिजे असलं तरी मंदाकडून मागवत होतो.

शुक्रवारी मंदानं कॉम्प्युटरच्या मागच्या भिंतीवर धुतलेली चादर लावली, कारण तिथं ओल आली होती. मला समोरच्या दिवाणावर बसवलं, कॅमेऱ्यात येणार नाही असं. "पेपर वाचायचा," ती म्हणाली. "तोंड उघडायचं नाही. शिंक आली तर परसात जायचं."

अकरा वाजता पुण्याहून कंपनीच्या आगाशे मॅडम पडद्यावर आल्या. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेल्या, हसायची घाई नसलेल्या. शेजारी एक टक्कल पडलेले गृहस्थ होते. त्यांचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. ते तिकडे यान चालवणार होते आणि आम्हाला ते इकडे दिसत होतं.

सुरुवात झकास झाली. वैजू बोलायला लागली आणि मी पेपर खाली घेतला. माझ्यासमोर वर मान न करणारी ही पोरगी बर्फाचे थर, भेगा, कडा कसा झाला असेल, 'असेल' कुठं म्हणायचं आणि 'आहे' कुठं, सगळं असं सांगत होती की मलाच वाटलं, हिला घेऊन टाकावं. आगाशे मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. टक्कलवाले गृहस्थ कड्यावरून सुंदर खाली उतरले. ब्रेक नसताना.

"छान आहे," मॅडम म्हणाल्या. "आता उत्तरेला चला."

वैजूचा हात टेबलावर थांबला.

"मॅडम, तो मधला पट्टा बघितला नाही आपण. तिथं फार मजेशीर—"

"बघू नंतर. उत्तर."

यान निघालं. एक डोंगर गेला, दुसरा गेला. तो खाचेचा डोंगर आला. मी मनात म्हणत होतो, वरून जा, वरून जा, उंचावरून जा. तो टकल्या खाली उतरला. दोन सोंडांच्या मधून, बरोबर तलावावर येऊन थांबला.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

वैजूनं ओढणी सारखी केली.

"एवढं सपाट, आणि ही बाजू पट्टीनं आखल्यासारखी सरळ. हे काय आहे वैजयंता?"

मी पोरीकडे बघितलं. मला एकदम ते बारामतीचे लोक दिसले आणि तिचा पायाचा अंगठा दिसला. मग चौतीस वर्षं आणि तीन बदल्या कुठं गेल्या मला माहीत नाही. मी दिवाणावरून ओरडलो, "नैसर्गिक आहे!"

आणि त्याच क्षणी वैजू म्हणाली, "पाझर तलाव आहे मॅडम."

आगाशे मॅडम पडद्याजवळ वाकल्या.

"कोण बोललं ते?" मॅडमनी विचारलं.

आता तरी गप्प बसावं की नाही? पण एकदा साक्ष दिली की माघार घ्यायची नाही, हे कोर्टात शिकलेलो. मी उठून कॅमेऱ्यासमोर आलो. वर इस्त्रीचा शर्ट होता, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा.

"नैसर्गिक बर्फ आहे मॅडम. गोठलेला. मी स्वतः मोजणी केली आहे."

"कुठं?"

"जागेवर जाऊन."

"मिरांडावर?"

स्वयंपाकघराच्या दारात मंदानं कपाळावर हात मारला. तो आवाज पुण्यापर्यंत गेला असणार.

"आपण कोण?"

"तज्ज्ञ," मी म्हणालो.

"माझे वडील आहेत," वैजू म्हणाली. "आण्णा, बसा."

मी बसलो. तिनं एक मोठा श्वास घेतला आणि सगळं सांगितलं. उत्तरेचा फोटोच नाही. जे दिसतंय ते माण तालुक्यातलं आहे. तिनंच ते उलटं केलं, मोठं केलं, तलाव पुसायचा राहिला आणि तो कुणाच्या लक्षात येणार नाही असं वाटलं. सांगताना थांबली नाही, रडली नाही, 'पण' म्हणाली नाही.

टक्कलवाले गृहस्थ पहिल्यांदाच बोलले. "कुठला म्हणालात तलाव?"

"धामणवस्ती."

"सांडवा दिसत नाही."

"उजवीकडे आहे!" मी न राहवून म्हणालो. "म्हणजे इथं डावीकडे!"

"आण्णा!"

आगाशे मॅडम काही वेळ कागदावर लिहीत होत्या. मग त्यांनी विचारलं, "समजा परत करायला दिलं, तर उत्तरेला काय करशील?"

"करडं ठेवीन," वैजू म्हणाली. "आणि त्यावर लिहीन, इथली मोजणी झालेली नाही."

ती माझ्याकडे बघत नव्हती. मी मात्र बघत होतो. बुधवारी मी एवढा आरडाओरडा केला तेव्हा वाटलं होतं, हिच्या एका कानातून शिरलं आणि दुसऱ्यातून गेलं.

"तिकीट काढून आलेल्या लोकांना अर्धा चंद्र करडा दाखवायचा? आवडणार नाही त्यांना."

"नाही आवडणार," वैजूनं कबूल केलं.

"बरं. कळवतो," मॅडम म्हणाल्या आणि पडदा काळा झाला.

मंदानं पानं वाढली. जेवण कुणालाच गेलं नाही. मला इतकी लाज वाटत होती की आमटीत तोंड लपवावंसं वाटत होतं. पोरगी खरं बोलत होती आणि तिचा बाप, जो जन्मभर खरं बोलल्याचे पाढे म्हणत फिरला, तो पायजम्यात उभा राहून मिरांडावर जाऊन आल्याचं सांगत होता! तिला कदाचित माफ केलं असतं त्यांनी. माझ्यामुळं गेली नोकरी, असं मी धरून चाललो होतो. बारामतीला काय सांगायचं हे मंदा मनात जुळवत असणार, कारण ती भाताचं एकच शीत बोटानं फिरवत होती.

पावणेतीनला फोन वाजला. वैजूनं उचलला आणि आम्हालाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"वैजयंता, आगाशे बोलतेय. या जागेसाठी अकरा जण बघितले मी. प्रत्येकाला फोटो नसलेल्या भागात नेलं आणि हे काय आहे म्हणून विचारलं. कुणी हिशेबानं आलंय म्हणालं, कुणी शास्त्रज्ञांचा अंदाज म्हणालं. माहीत नाही असं म्हणणारी तू पहिली. तलावाबद्दल तुला रागावणार आहे मी, पण ते इथं आल्यावर. सोमवारी रुजू हो."

वैजूचं नुसतं "हो, हो" चाललं होतं.

"आणि एक. तुमच्या त्या तज्ज्ञांना कृपा करून घरीच ठेवा."

फोन ठेवला. मंदानं देवापुढं साखर ठेवली, मग डोळे पुसले, मग मला म्हणाली, "बारामतीला तुम्हीच कळवा. आणि खरं तेच सांगा म्हणजे झालं." आणि हसत आत गेली.

मी दिवाणावर पेपर तोंडापुढं धरून बसलो होतो. वैजू येऊन शेजारी बसली. मोठी झाल्यापासून ती अशी जवळ येऊन बसली नव्हती. तिनं माझ्या हातातला पेपर काढून घेतला.

"आण्णा, चौतीस वर्षांत एकदाही खोटी मोजणी नाही?"

"नाही."

"साहेबांनी सांगितलं तरी नाही? पुढाऱ्यांनी धमकी दिली तरी नाही?"

"नाही म्हणतो ना."

"आणि आज एकदम मिरांडावर जाऊन मोजणी केली?" तिचे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं. "माझ्यासाठी?"

"मग काय, युरेनससाठी?" मी तिच्यावर खेकसलो, आणि मलाही रडू फुटलं.